पुराणात नसलेला हस्तर

‘तुंबाड’ (२०१८) पाहून आलेल्या पार्ल्यातल्या एका स्नेह्यांनी मला विचारले, “हा हस्तर कोणत्या पुराणातला?” मीही आधी पुराणांच्या सूच्याच चाळल्या. तिथे तो नव्हता.

हे नाव आले अमेरिकी भयकथांतून. अ‍ॅम्ब्रोझ बिअर्सच्या एका कथेत ‘हस्तुर’ हा मेंढपाळांचा सौम्य देव. रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५च्या कथासंग्रहात ते नाव पुन्हा येते. वाचणाऱ्याला वेड लावणारे काल्पनिक नाटकही त्याच संग्रहातले. तिथून ते एच. पी. लव्हक्राफ्टने उचलले.

‘नेक्रोनॉमिकॉन’ हा शापित ग्रंथ रचला तोही याच लव्हक्राफ्टने. १९२७ साली त्याने या नसलेल्या ग्रंथाचा इतिहासच लिहून काढला: मूळ अरबी, इ.स. ९५०मध्ये ग्रीक भाषांतर, १२२८मध्ये लॅटिन. सनावळ्या इतक्या चोख, की वाचक ग्रंथ खरा समजून त्याची चौकशी करू लागले.

पुढे स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ (१९८४) या कथेत हस्तुरचा धावा होतो. नारायण धारपांची ‘आजी’ हे तिचेच मराठी रूपांतर. धारपांची कथा राही बर्वे यांनी १९९३मध्ये एका मित्राकडून ऐकली. त्यातूनच पुढे ‘तुंबाड’ झाला आणि हस्तर कोकणातल्या वाड्यात येऊन बसला.

सव्वाशे वर्षांत एक बनावट नाव आपल्याला पुराणातले वाटू लागले. स्नेह्यांना मी एवढेच सांगितले: कोणी ‘पुराणात आहे’ म्हणाले, तर आधी अध्याय विचारा.