तोडीच्या पाकिटावर काय लिहिलं होतं?

आजचा विषय तसा गमतीचा आहे. उत्तम संगीत आणि त्यावरचं निराशाजनक वेष्टण. जगभरातले रसिक याच्या याद्या करत असतात आणि त्यात एक नाव हमखास येतं, ते म्हणजे ‘द बीच बॉइज’ या अमेरिकन मंडळींचा 1966 सालचा ‘पेट साउंड्स’. विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ अल्बमांमध्ये त्याची गणना होते, आणि मुखपृष्ठावर काय? सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बकऱ्यांना खाऊ घालणारी पाच तरुण मुलं. संगीताशी त्या बकऱ्यांचा काडीचा संबंध नाही.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे. मीही सोडून दिली असती, पण कावेरीच्या खोऱ्यात एका घरी मला एक पाकीट बघायला मिळालं आणि हा विषय तितकासा हसण्यावारी नेण्याचा नाही, हे लक्षात आलं.

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाताना आडुदुरैच्या आसपासचं हे गाव. घर तंजावरी मराठी बोलणाऱ्यांचं. भोसल्यांचं राज्य तंजावरात 1855 पर्यंत, म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं होतं, हे आपण आधीच्या भागांत पाहिलं आहेच. त्या काळी आलेल्या कुटुंबांची मराठी अजून काही घरांत टिकून आहे. तिथल्या आजोबांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक तबकडी काढली. 78 फेऱ्यांची, लाखेची, जड. नागस्वरमची. वाजवणारे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै. राग तोडी.

“वाजवायला सुई नाही,” आजोबा म्हणाले. “वाचा मात्र.”

वाचायचं काय, तर ते पाकीट. खाकी कागदाचं, मधोमध गोल भोक, त्यातून तबकडीवरची चकती दिसावी म्हणून. छापलेला मजकूर म्हणजे ग्रामोफोन आणि सुयांची जाहिरात. सुई प्रत्येक वेळी नवी वापरा, असा सल्ला. राजरत्नम यांचं चित्र नाही, नाव नाही, गाव नाही. पण उरलेल्या कोऱ्या जागेत आजोबांच्या वडिलांनी शाईनं देवनागरीत बरंच काही लिहून ठेवलं होतं. त्याकडे शेवटी येतो. आधी ही पाकिटं अशी कोरी का होती, ते पाहू.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नोव्हेंबर 1902 मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गायस्बर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला आणि गौहर जान गायल्या. तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणं संपताना कलाकारानं आपलं नाव मोठ्यानं पुकारायचं. गौहर जान यांनी गाण्याच्या शेवटी इंग्रजीत सांगितलेलं नाव आजही त्या तबकड्यांवर ऐकू येतं. म्हणजे आपल्याकडच्या ध्वनिमुद्रिकेचं पहिलं मुखपृष्ठ आवाजाचं होतं!

पुढे कारखाना कलकत्त्यातच आला, 1928 मध्ये डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. नाव पुकारण्याची गरज संपली, चकतीवर छापलं की झालं. पाकीट मात्र मालाचं संरक्षण करणारा कागद एवढंच राहिलं. अमेरिकेतही तेच होतं. ‘अल्बम’ हा शब्दच मुळी तिथून आला. अनेक तबकड्यांचा संच फोटोंच्या वहीसारखा पुठ्ठ्यात बांधून विकायचा, वर फक्त अक्षरं. दुकानदार त्यांना थडगी म्हणायचे. 1940 मध्ये अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारानं कोलंबिया कंपनीसाठी सचित्र वेष्टण केलं आणि तिथून मुखपृष्ठाची कला सुरू झाली.

आता गंमत बघा. चित्र काढता येत नाही म्हणून तंजावरचं संगीत कोरं राहिलं, असं मुळीच नाही. याच मुलखात फणसाच्या लाकडी फळ्यांवर चुन्याचा उठाव देऊन, सोन्याचा वर्ख लावून देवादिकांची चित्रं होत होती. भोसले राजांच्या आश्रयानं ही तंजावर शैली फुलली. तोडी मात्र खाकी कागदात.

आणि माणूसही साधा नव्हता. राजरत्नम 1898 मध्ये तिरुमरुगलला जन्मले, मामा नटेश पिळ्ळैंकडे वाढले आणि तिरुवावडुदुरैच्या शैव मठाचे, म्हणजे तिथल्या आधीनमचे वादक झाले. नागस्वरम वाजवणाऱ्यानं शेंडी राखावी, अंगात काही घालू नये, मिरवणुकीत उभं राहून वाजवावं, अशी रीत. यांनी केस कापले, कोट चढवले, मंचावर बसून वाजवायचा मान मिळवला. 1940 च्या ‘काळमेघम’ या तमिळ चित्रपटात नायक झाले. चेहरा विकण्याजोगा होता, पण पाकिटावर आला नाही. त्यांची तोडी मात्र दक्षिणेत घरोघरी गेली. आपल्या श्रोत्यांसाठी सांगतो, कर्नाटकी तोडी म्हणजे आपली तोडी नव्हे. तिचे स्वर आपल्या भैरवीचे. मंदिराच्या मिरवणुकीत तासन् तास चालणारा तो राग तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागे.

“मग बिघडलं काय?” असं कुणी विचारेल. मीही स्वतःला विचारलं. पाकीट कोरं असूनही तोडी अजरामर झालीच ना?

यावर कावेरीकाठची परंपरा एक चांगलं उत्तर देते. इथल्या संगीताला बाहेरच्या मुखपृष्ठाची गरजच नव्हती, कारण ते आत होतं. तिरुवैयारूचे त्यागराज (1767-1847) आपल्या कृतींच्या शेवटच्या चरणात स्वतःचं नाव गुंफत. तिला मुद्रा म्हणतात. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ आहे, तसंच. कागद फाटला, पोथी जळली, तरी गाणं गायलं की कर्ता कळतो. वादकांचं नावही तसंच. नीडामंगलम मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै म्हटलं की माणूस कळला, गाव कळलं, आणि जाणकाराला तविल ऐकू यायला लागलं.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत. जुन्या पोथीला कुठे असतं रंगीत मुखपृष्ठ? पण शेवटी पुष्पिका असते: अमुक शकात, अमुक तिथीला, अमक्यानं लिहिली, अमक्यासाठी लिहिली. सरफोजी राजांनी तर आपल्या घराण्याचा इतिहास 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. नोंद ठेवायची हौस या मुलखाला कमी नव्हती.

खरी मेख इथेच आहे. मुद्रा रचनाकाराची असते. नाव मुख्य वादकाचं असतं. पण नागस्वरमचा ताफा एका माणसाचा नसतो. तविलवाले असतात, आणि अखंड एकच स्वर धरून उभा असलेला ओत्तुवाला असतो. गाल फुगवून, श्वास न तोडता तो षड्ज सांभाळतो, त्याच्या जिवावर राग उभा राहतो. त्याला मुद्रा नाही, मान नाही. त्याचं नाव लिहायला जगात एकच जागा होती, ते पाकीट.

आणखी एक जण. आडुदुरैला लागूनच नरसिंगमपेट्टै नावाचं गाव आहे. तिथले आचारी नागस्वरम घडवतात. आच्चा नावाचं लाकूड लागतं, तेही जुनं, पाडलेल्या घरांच्या खांबा-तुळयांमधलं, वर्षानुवर्षं वाळलेलं. आधी तिमिरी नावाचं आखूड, उंच पट्टीचं वाद्य चालायचं. राजरत्नम यांच्यासाठी याच गावच्या रंगनाथन आचारींनी लांब, खालच्या पट्टीचं पारी नागस्वरम घडवलं. त्यात शुद्ध मध्यम नीट बोलू लागला. तोडीत मध्यम शुद्धच लागतो, म्हणजे या सुधारणेचं मोल तुमच्या लक्षात येईल. या गावच्या नागस्वरमला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारी कागदावर गावाचं नाव आलं, तबकडीच्या कागदावर मात्र नाही.

पुढे एलपी आल्या, बारा इंचांचं ऐसपैस वेष्टण आलं. वाटलं असेल, आता तरी जागा मिळाली. मी चाळलेल्या ढिगांत बहुतेक ठिकाणी काय दिसलं? गोपुर, समई, नटराज, आणि गायनाच्या तबकडीवर भरतनाट्यमची नर्तकी. चित्र सुंदर, पण कुठल्याही तबकडीवर चिकटवलं तरी चालेल असं. मग कॅसेटी आल्या. कुंभकोणमच्या बाजारात मी एक जुनी कॅसेट घेतली, लग्नाच्या मंगलवाद्यांची. वर नवरा-नवरीचं चित्र, हळदीकुंकू, केळीचे खांब. वादकाचं नाव आतही नाही, बाहेरही नाही. ऐकली तेव्हा कळलं की वाजवणारा मोठ्या तयारीचा आहे. कोण, ते आता कोण सांगणार? आज फोनवर तर बोटाच्या पेराएवढा चौकोन उरलाय. त्यात सरस्वतीचं चित्र टाकलं की काम झालं.

मला खुपतं ते हे. चित्र वाईट असणं ही चवीची गोष्ट आहे. बकऱ्या असल्या तरी ‘पेट साउंड्स’चं काही बिघडत नाही, कारण त्यात कोण काय वाजवत होतं याचा शोध लोकांनी नंतर घेतला. आपल्याकडे त्या वेष्टणाबरोबर माणसंच गेली.

हे सगळं अटळ होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. याच तंजावरातलं एक उदाहरण देतो. अठराव्या शतकात प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिनं तेलुगूत ‘राधिकासांत्वनम्’ हे काव्य लिहिलं आणि सुरुवातीला आपली आजी, आपली आई यांच्यासह स्वतःची ओळख दिली. पुढे छापील आवृत्ती निघाली तेव्हा संपादकानं तो ओळखीचा भागच गाळला, काही पद्यंही गाळली. बंगळूर नागरत्नम्मा या थोर गायिकेला हे खटकलं. तिनं मूळ हस्तलिखित मिळवून 1910 मध्ये संपूर्ण काव्य छापलं, ओळखीसह. सरकारनं अश्लील ठरवून बंदी घातली. ती उठली स्वातंत्र्यानंतर. हीच नागरत्नम्मा पुढे तिरुवैयारूला गेली आणि स्वतःच्या कमाईतून तिनं त्यागराजांची समाधी बांधून काढली. आज तिचा पुतळा त्या समाधीकडे तोंड करून बसला आहे. गाळलेलं नाव परत लिहिता येतं, हे तिनं दाखवून दिलं.

आता आजोबांचं पाकीट. त्यांच्या वडिलांनी खाकी कागदावर लिहिलं होतं: तबकडी कधी घेतली, कितीला घेतली. खाली, हाच राग याच माणसाकडून कोणत्या गावच्या उत्सवात प्रत्यक्ष ऐकला, ते. त्याखाली त्या रात्री तविलवर कोण होते. आणि शेवटी, वेगळ्या शाईत, बहुधा नंतर आठवून किंवा कुणाला तरी विचारून, ओत्तु धरणाऱ्याचं नाव. जुन्या पोथीची पुष्पिकाच म्हणा ना.

मी त्या पाकिटाचे फोटो काढले, आजोबांनी काढू दिले. ती नावं मी इथे वाचून दाखवत नाही, कारण त्या घरांना आधी विचारायला हवं. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. घरात जुन्या तबकड्या, कॅसेटी असतील, आजी-आजोबांना काही आठवत असेल, तर आजच विचारा. पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण, टाळ कुणाचे. आणि त्या वेष्टणावरच पेननं लिहून टाका. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात.