तळटीप : ‘सकाळचा कंट्रोल’

* ज्याचे मूल्य आधीच माहीत आहे असा नमुना यंत्रावर तपासून पाहणे, याला प्रयोगशाळेत ‘कंट्रोल लावणे’ म्हणतात. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये त्याचा आलेख मांडला, वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये तो वाचण्याचे नियम दिले. मूळ लेखक येथेच थांबतात. पण कंट्रोल बरोबर आला म्हणजे रिपोर्ट बरोबर, असे नव्हे. पोटॅशियमचेच पाहा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त ईडीटीए असते. त्यातले थोडे रक्त कोणी दुसऱ्या नळीत ओतले, की पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम उतरते. त्या आकड्यावर विसंबून उपचार केले तर रुग्णाच्या जिवाशी गाठ. कंट्रोलची बाटली या वाटेने आलेलीच नसते. तिला हे कळणार कसे? म्हणून जोखमीवर आधारलेले नियोजन सुईपासून सुरू होते : चूक कुठे होईल, किती वेळा, रुग्णाला किती इजा करील, आणि रिपोर्ट जाण्याआधी ती पकडता येईल का. कंट्रोल किती वेळा लावायचा, हेही त्यावरूनच ठरते. दिवसातून एकदाच लावला आणि दुपारी यंत्र बिघडले, तर दुसऱ्या सकाळपर्यंतचे रिपोर्ट रुग्णांच्या हाती गेलेले असतात. अमेरिकेतील सीएलएसआय संस्थेची ‘ईपी २३’ ही मार्गदर्शिका (२०११) याच विषयावर आहे. पुढील प्रकरण वाचताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. — संपा.