वसईचें बंदर व त्याचा वारसा

मेहकरच्या पैनगंगेचें पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांच्या वाटेनें पूर्वसमुद्रास मिळतें. म्हणून पश्चिम किनाऱ्याची कथा आम्हां वऱ्हाडांतील वाचकांस दूरची वाटणें स्वाभाविक आहे. तथापि महाराष्ट्रांतील कॅथॉलिक समाजाचा इतिहास वसईस वगळून सांगतां येत नाहीं.

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामध्यें हा प्रदेश वसला आहे. त्यांतील सोपारा हें फार प्राचीन बंदर. तेथील अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उजेडांत आणिला. खाडी गाळानें भरत गेली, तसें सोपाऱ्याचें महत्त्व लोपलें.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली. समुद्रकांठीं भक्कम किल्ला झाला. तटाच्या आंत ख्रिस्तमंदिरें व मठ उभे राहिले. येथेंच जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधु संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मे झाले; नववे पायस या पोपमहाराजांनीं १८६२ सालीं त्यांस संतपद दिलें. मात्र याच राजवटींत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं, हें सत्यही झांकून ठेवणें योग्य नव्हे.

मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें तटास सुरुंग लावून किल्ला घेतला. विजयाची खूण म्हणून येथील घंटा घाटावर नेण्यांत आल्या. त्यांतील एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आजही आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं येथेंच तह केला. पुढें तेंही राज्य गेलें, आणि किल्ला आज भग्न उभा आहे.

वाचकहो, पोर्तुगीज अंमलदार जहाजांत बसून निघून गेले. परंतु केळीच्या व पानमळ्याच्या बागा शिंपणारे ख्रिस्ती शेतकरी आणि ख्रिस्ती कोळी तेथेंच राहिले. त्यांची भूमि व त्यांची बोली येथलीच होती. १९९८ सालीं वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादेस भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. तोफांच्या आश्रयानें आलेला धर्म तोफा गेल्यावरही टिकला, तो मराठी बोलणाऱ्या त्या कष्टकरी कुटुंबांमुळें. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हांसही त्या वारशांत वांटा आहे.