उसनं काळीज

हृदय बदललं की माणूस बदलतो का? आपली भाषा म्हणेल, बदलणारच! प्रेम, धाडस, दया सगळं आपण काळजातच तर ठेवलंय. पण मंडळी, इतिहास काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे.

३ डिसेंबर १९६७ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदयरोपण केलं. रुग्ण १८ दिवस जगला. लगेच २ जानेवारी १९६८ला त्यांचं दुसरं. या वेळी रुग्ण फिलिप ब्लायबर्ग, गोरा डेंटिस्ट. हृदय क्लाइव्ह हाप्टचं, जो सरकारदप्तरी 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय. वर्णभेदाचे दिवस! ज्या बाकांवर हाप्टला बसायची बंदी, तिथे आता त्याचं हृदय राजरोस जाणार होतं. ब्लायबर्ग १९ महिने जगला, आणि शेवटपर्यंत गोराच राहिला. कातडीवरून माणसं मोजणाऱ्या सरकारलाही हृदयामुळे माणूस बदलला असं काही वाटलं नाही.

मग १९८८मध्ये क्लेअर सिल्व्हिया या अमेरिकन नर्तिकेला एका तरुणाचं हृदय आणि फुफ्फुसं मिळाली. नंतर तिला बिअर, ढोबळी मिरची, चिकन नगेट्स हवेसे वाटू लागले. दात्याच्या आवडीच आपल्यात आल्या, असं तिने १९९७च्या पुस्तकात लिहिलं. गोष्ट झकास आहे, पण एका गोष्टीवरून नियम कसा काढणार? व्हिएन्नात ४७ हृदयरोपितांना हाच प्रश्न विचारला होता (१९९२). दात्याच्या हृदयामुळे स्वभाव बदलला असं म्हणणारे निघाले फक्त तिघं.

आमच्या भाषेत सांगायचं तर पंप बदलला, हार्ड डिस्क तीच. रोपण करताना हृदयाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे सुरुवातीला तरी मेंदूशी त्याची थेट वायरिंग नसते. भीती वाटली तरी हे हृदय धडधडतं ते थोड्या वेळाने, रक्तातून अॅड्रेनलिन पोचल्यावर. शिवाय स्टेरॉइड्सनी भूक आणि मूड दोन्ही बदलतात. आणि मरणाच्या दारातून परतलेला माणूस तसाही पूर्वीसारखा कुठे राहतो?

गंमत म्हणजे कधीकधी खरंच काहीतरी येतं! १९९७मध्येच फ्रेंच डॉक्टरांनी एक केस नोंदवली. शेंगदाण्याच्या अॅलर्जीने गेलेल्या तरुणाचं यकृत ज्याला मिळालं, त्याला तीच अॅलर्जी झाली. कारण यकृताबरोबर दात्याच्या रोगप्रतिकारक पेशीही आल्या. म्हणजे अॅलर्जी आली, आठवणी नाहीत.

हा नुसता गप्पांचा विषय नाही. आपला मुलगा कुणाच्या तरी छातीत धडधडतोय, असं एखाद्या आईला वाटलं तर तिच्याशी वाद घालणारा मी कोण? पण ज्याला हृदय मिळालं, त्याच्यावर मात्र दुसऱ्याचं आयुष्य जगायचं ओझं नको. दात्याने दिलं ते त्याला त्याचंच आयुष्य पुढे जगता यावं म्हणून.

असो. डोनर कार्डाचं घरी बोलून ठेवा. आपले स्वभावदोष कुणाच्या माथी मारले जाणार नाहीत, एवढी खात्री बाळगायला हरकत नाही.