मोटारीत शिरणारे पाणी

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक इंजिनाचाच इतिहास लिहितात. सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, वेग किती, ह्या आकड्यांनी त्यांची पुस्तके भरलेली असतात. छपराचा, दारांचा आणि खिडक्यांच्या रबरी पट्ट्यांचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटत नाही. परंतु वडोदऱ्याच्या सुभानपुऱ्यात रात्रभर पाऊस कोसळून गेल्यावर सकाळी जो गृहस्थ आपल्या गाडीचे दार उघडतो आणि पायाखालचा गालिचा ओलाचिंब झालेला पाहतो, त्याला इंजिनाच्या इतिहासाचा काडीचाही उपयोग नसतो. काचा बंद, दारे बंद, छप्पर शाबूत. मग हे पाणी आले कोठून? ह्या प्रश्नाचे उत्तर गॅरेजात मिळते खरे, पण ते नीट समजावयाचे तर बरेच मागे जावे लागते.

कार्ल बेंझने 1886 साली जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा तिला छप्पर नव्हतेच. त्या काळी घोडागाड्यांत बंद शिग्राम होते, पण इतके ओझे ओढण्याची ताकद पहिल्यावहिल्या इंजिनांत नव्हती. म्हणून मोटारीने बग्गीचा कातडी किंवा कॅनव्हासचा टप उचलला आणि पुढची तीस वर्षे त्यावर भागवले. टप गळे, बाजूंनी झड येई. आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे, कारण भिजणे हा मोटारप्रवासाचा एक भागच समजला जाई. आपण सामान ठेवण्याच्या जागेला ‘डिकी’ म्हणतो. ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर मौज वाटते. घोडागाडीच्या मागे नोकराने बसावयाचे उघडे आसन म्हणजे डिकी. पुढे 1920 नंतरच्या दोन आसनी मोटारींच्या पाठीमागे झाकण उघडून बसावयाची जागा आली, तिलाही तेच नाव राहिले. मालक टपाखाली कोरडे आणि डिकीतला पाहुणा चिंब, असा तो थाट होता. आज त्याच डिकीत वाटीभर पाणी साचले तरी आपण बेचैन होतो.

बंद मोटारीचे युग फार झपाट्याने आले. अमेरिकेत 1919 साली विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे 10 टक्के बंद होत्या. 1927 साली हे प्रमाण 85 टक्क्यांवर गेले. आठ वर्षांत उघड्या वाहनाचे घर झाले म्हणावयाचे. पण ह्या घराचे छप्पर मात्र पुरते बंद नव्हते. एवढा रुंद पोलादी पत्रा लाटण्याची सोय गिरण्यांत नसल्यामुळे छपराच्या मधोमध मोठे भोक ठेवीत आणि त्यावर लाकडी कमानी, तारेची जाळी व रोगण दिलेले कापड ताणून बसवीत. ऊन लागून कापड तडके आणि गळू लागे. कौलारू घर जसे पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागे, तसे हे मोटारीचे छप्परही वरचेवर डागडुजी मागे. जनरल मोटर्सने 1935 च्या नमुन्यांसाठी अखंड पोलादी छप्पर आणले, तेव्हा हा प्रश्न मिटला. छपराच्या कडेने पन्हळ आली, आणि पागोळ्या दारांवरून बाहेरच्या बाहेर पडू लागल्या.

येथे पाणी अडविण्याची कथा संपली असे कोणास वाटेल. वस्तुतः ती येथेच सुरू होते. खिडकीची काच खाली-वर करावयाची तर दाराच्या वरच्या कडेला फट ठेवणे भाग आहे, आणि जेथे फट आहे तेथून पाऊस आत जाणारच. बाहेरची हवा आत घ्यावयाची तर पुढच्या काचेखाली जाळी हवी, आणि जाळीतून हवेबरोबर पाणीही येणार. तेव्हा कारखानदारांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. पाणी पूर्णपणे अडविण्याचा हट्ट त्यांनी सोडला. ते येऊ द्यावे, पण ठराविक वाटेने येऊ द्यावे आणि ठराविक वाटेनेच बाहेर काढावे. आपल्या गाडीचे दार आतून पोकळ असते. पावसात त्या पोकळीत पाणी उतरते आणि तळाच्या बारीक भोकांतून रस्त्यावर ठिबकते. पोकळी आणि प्रवासी ह्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा चिकटविलेला असतो, तेवढीच काय ती भिंत. पुढच्या काचेखालील जाळीतही पन्हळ असते आणि तिला दोन्ही बाजूंस निचऱ्याच्या वाटा असतात. म्हणजे मोटार ही बंद पेटी नव्हे. तिच्या अंगात लहान लहान ओहोळ आहेत. गाडीत पाणी आले म्हणजे छप्पर फुटले असे आपण समजतो. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की एखादा ओहोळ तुंबलेला असतो.

रबराची गोष्टही सांगितली पाहिजे. चार्ल्स गुडइयरने 1839 साली गंधक व उष्णता ह्यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ केले नसते, तर दाराला लावावयाची पट्टीच नसती. पण नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतील ओझोन सोसत नाही. त्याला भेगा पडतात, आणि वडोदऱ्याच्या वैशाखात त्या लवकर पडतात. ह्यावर उतारा निघाला तो इथिलीन आणि प्रॉपिलीन ह्या वायूंपासून केलेल्या कृत्रिम रबराचा. 1960 नंतर ते बाजारात आले. ज्या रसायनविद्येतून ते निघाले, तिच्यासाठी कार्ल त्सीग्लर आणि जुलिओ नाट्टा ह्यांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक मोटारींच्या दारांभोवतीची काळी पट्टी ह्याच रबराची असते. सुभानपुऱ्याच्या रहिवाशाला हे वायू परके नाहीत. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली, इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना 1969 साली झाली, आणि ह्या कारखान्यांच्या पाठोपाठ शहराची पश्चिमेकडील वस्ती वाढत गेली.

मोटारीशी वडोदऱ्याचे नाते ह्याहून जुने आहे. हिंदुस्थान मोटर्सचा पहिला कारखाना 1942 साली निघाला तो ओखा बंदरावर. आणि ओखामंडळ हा तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचा मुलूख होता. फाळणीनंतर, 1948 साली, कारखाना बंगालमधील उत्तरपाड्यास गेला आणि तेथून पुढे ॲम्बॅसडर निघाली. इकडे वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघत होती. त्या पिढीच्या गाड्यांची पुढची काच रबरी चौकटीत बसविलेली असे. चौकट कडक झाली की पाणी कोपऱ्यातून झिरपून चालकाच्या गुडघ्यावर टपकावयाचे. पण त्या गाड्यांचा एक गुण विसरता येत नाही. तळ साध्या पत्र्याचा, त्यावर रबरी चटई, आणि पत्र्याला बूच लावलेली भोके. चटई उचलली, बूच काढले, फडके फिरविले, की काम संपले. आजच्या गाडीत पाणी क्वचित येते. पण आले तर मात्र जाता जात नाही. गालिच्याखाली जाड फोमचा थर असतो, तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. त्याच थराखालून विजेच्या तारांचे जुडगे गेलेले असते, आणि मधल्या भागात अपघाताच्या वेळी हवेच्या पिशव्या उघडणाऱ्या यंत्रणेची पेटी असते. म्हणून ‘थोडा ओलावा आहे, वाळेल’ असे म्हणून स्वस्थ बसणे पूर्वी परवडे, आता परवडत नाही.

छपराच्या इतिहासाने अलीकडे एक गंमतीचे वळण घेतले आहे. पावगडाच्या पायथ्याशी हालोल येथे हिंदुस्थान मोटर्सने उभारलेला कारखाना जनरल मोटर्सकडे गेला, 2017 साली तो एमजी मोटरने घेतला आणि 2019 पासून तेथे नव्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतल्या पहिल्याच गाडीला विस्तीर्ण काचेचे, सरकणारे छप्पर मिळत होते. म्हणजे ज्या कंपनीने 1935 साली छपराचे भोक बुजविले, तिच्याच जुन्या कारखान्यातून भोक पुन्हा उघडले! हा दोष नव्हे, हौस आहे. आणि आज जवळजवळ सर्वच कंपन्या ती पुरवितात. पण अशा छपराची काच पाणी अडवील ही समजूत चुकीची आहे. काचेभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून, बहुधा चार, बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली उतरतात. कडुलिंबाखाली गाडी उभी राहिली की पाने, मोहर आणि धूळ ह्यांचा लगदा त्या नळ्यांत बसतो. मग पन्हळ भरून वाहते आणि पाणी खांबाच्या आतल्या बाजूने पायांशी उतरते. मालक दाराचे रबर बदलतो, बिल भरतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच!

तेव्हा शोध कसा घ्यावा? प्रथम पाणी कोणते ते पाहावे. ते रंगीत, चिकट, गोडसर वासाचे असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर ते पाऊस नव्हे; हीटरच्या नळीतून गळणारे इंजिनाचे पाणी आहे. भर मे महिन्यात पुढच्या डाव्या आसनापुढे ओल आली तर वातानुकूलनाच्या निचऱ्याची नळी तुंबली असण्याचा संभव मोठा. वातानुकूलन चालू असता गाडीखाली थेंब पडतात ते आरोग्याचे लक्षण आहे. पडेनासे झाले की समजावे, ते आत पडत आहेत.

पाऊसच असेल तर दोन माणसे लागतात. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, जेथे संशय आहे तेथे कोरड्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावाव्यात, गालिच्याची कड उचलून पत्रा उघडा करावा. दुसऱ्याने साध्या नळीने, धार बारीक ठेवून, खालून वर यावे. आधी दाराची तळकड, मग खिडकीची कड, मग पुढच्या काचेखालील जाळी, मग काचेच्या बाजू, आणि छप्पर सर्वांत शेवटी. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे तरी थांबावे. घाईने छपरावर बादली ओतली तर सगळीकडूनच पाणी ओघळते आणि काहीच कळत नाही. सर्व्हिस स्टेशनावरचा जोराचा फवाराही ह्या कामाचा नाही. तो शाबूत रबरातूनही पाणी घुसवितो. आत ओल जेथे दिसते तेथे भोक असते असेही नाही. पत्र्याच्या वळचणींतून पाणी वाहत जाऊन भलतीकडेच प्रकट होते, आणि मागच्या आसनाखालचे तळे कधी पुढच्या जाळीत उगम पावलेले असते. दाराच्या पट्टीची परीक्षा सोपी आहे. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे आणि कपटा ओढावा. तो अडखळत आला तर पट्टी ठीक. सहज निसटला तर तेथे दाब नाही.

दुरुस्ती बहुधा स्वस्त असते. तुंबलेली नळी मऊ नायलॉनच्या तारेने हलकेच मोकळी करावी. हवेचा जोराचा झोत मारला तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते, आणि मग खांबाचे आवरण उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा स्पीकर बसविणाऱ्याने फाडून ठेवला असेल, तर तो पुन्हा नीट चिकटवून घ्यावा. कित्येक दारे केवळ ह्याच कारणाने गळतात. बाजारात मिळणारे व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन काचेच्या कडेला फासणे हा मात्र शुद्ध अविचार आहे. त्यातून सुटणारे आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढविते. काचेखाली गंज असेल तर काच काढून, गंज खरवडून, रंग देऊन ती पुन्हा चिकटविणे हाच उपाय. आणि गळती थांबली तरी गालिचा उचलून फोम उन्हात वाळविल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

पुराचे पाणी ही ह्याहून वेगळी बाब आहे. वडोदऱ्यात 31 जुलै 2019 रोजी 24 तासांत सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री 35 फुटांच्या वर चढली आणि सखल भागांतल्या असंख्य गाड्या आसनांपर्यंत बुडाल्या. शहराचे पाणी नदीत नेणाऱ्या भुखी, मसिया, रुपारेल ह्या कांसांची दशा तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. गाडीच्या तुंबलेल्या नळ्यांत आणि त्यांच्यात फरक आहे तो केवळ आकाराचा. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहण्याचा मोह अनावर होतो, पण तो आवरला पाहिजे. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरात ते असता इंजिन फिरविले तर आतला दांडा वाकतो. पुराचे नुकसान साध्या सर्वंकष विम्यात धरलेले असते, परंतु अशा प्रयत्नाने मोडलेले इंजिन, वेगळे संरक्षण घेतले नसल्यास, बहुधा वगळतात.

ह्या बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊनपुसून, सुगंध मारून जुन्या बाजारात येतात, आणि नदीपासून दूर राहणारा गिऱ्हाईकही अशा तऱ्हेने पुराचे पाणी विकत घेऊन घरी येऊ शकतो. अशी गाडी पाहावयास जाल तेव्हा आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. पट्ट्याचे जे टोक नेहमी गुंडाळीतच राहते, ते धुण्याचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तेथे मातकट रेघ दिसली तर डिकीतले जादा चाक उचलून खालच्या खळग्यातही हात फिरवावा. गाळ राहिला असेल तर तो तेथे सापडतो.