‘सेशन एक्स्पायर्ड’ म्हणजे नेमकं काय? वेबसाइट तुम्हाला कशी लक्षात ठेवते?

समजा, चामोर्शीतल्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतेय. चौथ्या पानावर अचानक ‘सेशन एक्स्पायर्ड’ असं दिसतं आणि पुन्हा लॉगिन करावं लागतं. असं का होतं?

वेबसाइट विसरते का?

ब्राउझर आणि सर्व्हर ‘एचटीटीपी’ या पद्धतीने बोलतात. यात प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. आधीचं पान कोणी उघडलं होतं, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. यावर उपाय म्हणून नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये कुकी आणली.

सेशन कसं चालतं?

मार्कंडाच्या यात्रेतलं चप्पल स्टँड डोळ्यासमोर आणा. चपला स्टँडवर राहतात, तुमच्या हातात फक्त नंबरचा बिल्ला असतो. सेशनचंही तसंच आहे. तुमची माहिती सर्व्हरवर राहते आणि ब्राउझरमधल्या कुकीत फक्त एक सेशन क्रमांक असतो. नोड.जेएसवर चालणाऱ्या वेबसाइटमध्ये हे काम अनेकदा ‘एक्सप्रेस-सेशन’ हे पॅकेज करतं.

मग सेशन जातं कुठे?

एक कारण म्हणजे ठरलेली मुदत संपणं. दुसरं कारण वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात असतं. वेगळं काही सांगितलं नाही, तर हे पॅकेज सगळी सेशन्स सर्व्हरच्या मेमरीत ठेवतं. सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळ्यांचे बिल्ले बाद! ही सोय फक्त डेव्हलपमेंट आणि डीबगिंगसाठी असल्याचं पॅकेजच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे. प्रत्यक्ष वापरात सेशन्स रेडिस किंवा डेटाबेसमध्ये ठेवतात.

बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर?

ज्याच्याकडे बिल्ला, त्यालाच सर्व्हर मालक समजतो. पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. म्हणून कुकीला ‘एचटीटीपी-ओन्ली’ आणि ‘सिक्युअर’ ही बंधनं घालतात. पहिल्यामुळे पानावरच्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही, दुसऱ्यामुळे ती फक्त सुरक्षित जोडणीवरूनच जाते. लॉगिन होताच नवा क्रमांक देणं आणि लॉगआउट करताच सर्व्हरवरचं सेशन नष्ट करणंही गरजेचं. नुसती कुकी पुसली, तर कुणी आधीच चोरलेला क्रमांक मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतो.

तुम्ही काय कराल?

सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. तुमच्यानंतर त्याच खुर्चीवर बसणाऱ्याला तुमचं खातं उघडं मिळू शकतं. उठण्याआधी ‘लॉगआउट’ दाबा. लांबलचक फॉर्म भरताना प्रत्येक पानावर ‘सेव्ह’ करायलाही विसरू नका.