देवभोगचा खडा आणि क्रोमियमची जागा

आज रायपूरहून बोलतोय. विषयाचं नाव जिभेला जड आहे: इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, थोडक्यात ईपीआर. नाव तूर्त राहू द्या, आधी एक खडा पाहू.

नव्वदच्या दशकात मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. एकदा वर्गात ठोकून दिलं, 'क्रोमियममुळे माणिक लाल होतं.' तास संपल्यावर देवभोगकडचा एक मुलगा मागे थांबला. रुमालाच्या गाठीतून त्याने वाटाण्याएवढा हिरवट खडा काढला आणि टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली धरला. खडा लालसर झाला!

"सर, इसमें भी क्रोमियम है ना? फिर दिन में हरा क्यों?"

मला उत्तर आलं नाही. 'उद्या सांगतो' म्हणालो. तो उद्या काही महिन्यांनी उजाडला.

खडा होता अलेक्झांड्राइट. देवभोगजवळच्या सेंदमुड्याला तो सापडतो. तो भाग तेव्हा रायपूर जिल्ह्यात होता, 2012 पासून गरियाबंद जिल्ह्यात आहे.

आता ईपीआर. क्रोमियमच्या आयनात तीन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, म्हणून तो आयन इवल्याशा चुंबकासारखा वागतो. स्फटिक मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवायचा, त्यावर साधारण 9.5 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत न्यायचं. ठरावीक क्षेत्राला आयन लहरींची ऊर्जा शोषतो आणि कागदावर रेघ उमटते. स्फटिक जरा फिरवला की रेघ सरकते. तिच्या सरकण्यावरून आयन स्फटिकात नेमका कुठल्या जागी बसलाय, भोवतीचे शेजारी कसे आहेत, ते कळतं. रासायनिक पृथक्करण क्रोमियम आहे की नाही, एवढंच सांगतं. जागा विचारायची तर इथे यावं लागतं.

हे पहिल्यांदा दिसलं 1944 साली, महायुद्ध चालू असताना, रशियातल्या कझानमध्ये. येवगेनी झावोइस्की यांनी तांब्या-मँगनीजच्या साध्या क्षारांत ते पाहिलं. मॉस्कोतल्या जाणत्यांना पटेना, तेव्हा कपित्सांच्या संस्थेत प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागला. पुढे लेनिन पारितोषिक मिळालं, नोबेल मात्र नाही. मला ते अजूनही खटकतं. युद्ध संपलं आणि रडारसाठी घडवलेली मायक्रोवेव्ह विद्या प्रयोगशाळांच्या हाती आली. ऑक्सफर्डचे ब्रेबिस ब्लीनी युद्धकाळात त्याच कामात होते. त्यांनी एकेका धातूचे क्षार तपासायला घेतले. ते स्फटिक आपल्याकडे नवखे नव्हते. के. एस. कृष्णन यांनी 1930च्या दशकात असेच स्फटिक बारीक धाग्याला टांगून, दिशा बदलली की त्यांची चुंबकता किती बदलते ते मोजलं होतं.

माणकाची पाळी 1950च्या दशकात आली. त्यातल्या क्रोमियमचे ऊर्जास्तर ईपीआरने मोजले गेले आणि त्यांच्या आधारावर माणकाचा मेसर, म्हणजे अत्यंत क्षीण मायक्रोवेव्ह लहरी वाढवणारं यंत्र, तयार झालं. 1964 साली पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनावर असाच मेसर होता. विश्वाच्या बालपणातला प्रारणाचा अवशेष त्यांना त्यातूनच ऐकू आला. दागिन्यातला दगड कुठवर पोचला बघा!

आणि मुलाचा प्रश्न? अलेक्झांड्राइटमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन प्रकारच्या जागा असतात. क्रोमियम दोन्हीकडे शिरतो, पण बहुतेक आयन एकाच प्रकारच्या जागी बसतात. हे ईपीआरने दाखवलं. रंगही मुख्यतः तिथल्याच आयनांचा. शेजारच्या ऑक्सिजनचा प्रभाव माणकात जास्त, पाचूत कमी, इथे मधला. म्हणून हा खडा हिरवा आणि लाल दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच सोडतो. उन्हात हिरव्याचं पारडं जड, बल्बच्या उजेडात लालचं. माझं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं.

वर्गात तसं कबूल केलं. मग त्या मुलाला म्हटलं, खडा मुंबईला तपासायला पाठवू, आपल्या देवभोगच्या क्रोमियमच्या रेघा आपणच बघू. त्याचे डोळे चमकले. मग हळूच विचारलं, "फॉर्म में लिखना पड़ेगा, कहाँ से मिला?"

त्या भागात तेव्हा चोरून खड्डे खणले जायचे, पोलीसही यायचे. मी म्हटलं, "हो, लिहावं लागेल."

त्याने खडा रुमालात ठेवला आणि गाठ मारली.